वजन मागे, वळण पुढे

स्वारगेटच्या जेधे चौकात, उड्डाणपुलाच्या सावलीत पाच-दहा मिनिटं उभं राहिलं की मागे इंजिन असलेल्या वाहनांचं सगळं खानदान समोरून जातं. रिक्षा तर कायमच्याच. कात्रजहून आलेली पीएमपीची लो-फ्लोअर बस. एसटी स्टँडातून तोंड बाहेर काढणारी शिवनेरी. क्वचित एखादी रंग उडालेली नॅनो, मागच्या काचेवर देवाचं नाव. आणि रविवारी सकाळी लवकर गेलात तर सातारा रस्त्याकडे वळणारी एखादी पोर्शे ९११. या पाचांच्या किमतीत दोन-तीन लाखांपासून दोन कोटींपर्यंतचं अंतर आहे, पण प्रत्येकीच्या इंजिनाची जागा एकच: मागच्या चाकांच्या आसपास, ढुंगणापाशी.

ज्यांचं इंजिन मधोमध असतं, म्हणजे चालकाच्या पाठीमागे पण मागच्या चाकांच्या पुढे, त्या गाड्या मात्र या चौकात दिसत नाहीत. फेरारी, लॅम्बॉर्गिनी, मॅक्लॅरेन यांचा तो प्रांत. कोरेगाव पार्कात किंवा द्रुतगती मार्गावर एखादी दिसली तर लोक मोबाइल काढतात. दुरून पाहणाऱ्याला पोर्शे आणि फेरारी दोन्ही ‘मागे इंजिनवाल्या’ वाटतात. पुढचं झाकण उघडलं की दोन्हीत बॅगच ठेवलेली असते, मग तसं वाटणारच. प्रत्यक्षात दोन्हींच्या इंजिनांच्या जागेत जेमतेम दोन-तीन फुटांचा फरक आहे. तेवढ्याने गाडीचं वळणं बदलतं, रूप बदलतं, आणि तिच्यात माणसं किती बसणार हेही बदलतं. माझ्या मते या तीन गोष्टींतली तिसरी सगळ्यात महत्त्वाची आहे, आणि गाड्यांवर लिहिणारे नेमकी तिलाच शेवटच्या ओळीत ढकलतात.

सुरुवात रिक्षापासूनच करू. आकुर्डीच्या बजाज ऑटोने १९७७ साली मागे इंजिन असलेली रिक्षा बाजारात आणली. त्याआधीच्या रिक्षात इंजिन पुढे असे. आज देशभर आणि देशाबाहेर धावणाऱ्या ‘बजाज आरई’मधली ती दोन अक्षरं म्हणजे ‘रिअर इंजिन’च. इंजिन मागे गेल्यामुळे चालकाच्या पायाखालची उष्णता आणि खडखड कमी झाली, हा झाला उघड फायदा. खरा फायदा भूमितीचा होता. तीन चाकांच्या, पुढे एकच चाक असलेल्या वाहनात जमिनीवर टेकणाऱ्या तीन बिंदूंचा त्रिकोण होतो. वाहनाचं वजन या त्रिकोणाच्या रुंद बाजूला, म्हणजे मागच्या दोन चाकांजवळ जितकं सरकेल, तितकी ते कडेला कलंडण्याची शक्यता कमी. पुढच्या टोकाशी वजन गेलं की त्रिकोण निमुळता होतो आणि वळणावर एक चाक उचललं जातं. इंजिन मागे, प्रवासी मागे, सामान मागे. रिक्षा वेगात असली आणि रस्ता वाकडा असला तरी ती उभी राहते, त्याचं बरंचसं श्रेय या मांडणीला आहे.

तोटाही तिथेच. पुढच्या चाकावर वजन कमी राहतं. मागे दप्तरांसकट शाळेची पोरं कोंबून पर्वतीच्या पायथ्याचा चढ चढायला लागली की हँडल हलकं पडतं. वळवलं तरी रिक्षा क्षणभर सरळच जाऊ पाहते. पावसाळ्यात, चौकातल्या गुळगुळीत झालेल्या पट्ट्यांवर, हे जास्त जाणवतं. मुरलेला रिक्षावाला त्यावर उपाय शिकलेला असतो: वळणाच्या आधी हलकासा ब्रेक मारायचा, वजन पुढच्या चाकावर येऊ द्यायचं, मग हँडल वळवायचं आणि वळण निम्मं झाल्यावर अ‍ॅक्सिलरेटर द्यायचा. युरोपातल्या शर्यतीच्या शाळांमध्ये पोर्शे ९११ चालवायला शिकवतात तेव्हा पहिल्या दिवशी सांगतात ते याहून वेगळं नाही. तिथे त्याची फी युरोत घेतात.

रिक्षाचं आणखी एक कौशल्य मागच्या इंजिनामुळे साधतं. पुढे इंजिन नाही, पुढच्या चाकाला फिरवणारे दांडे नाहीत, म्हणून ते चाक हवं तितकं वळवता येतं. भर रस्त्यात, समोरून बस येत असताना, एका झटक्यात उलट दिशेला तोंड करणारी रिक्षा पाहून आपण जे बोलतो ते इथे छापता येणार नाही. पण त्या करामतीमागे अभियांत्रिकी आहे.

बसचं प्रकरण थोडक्यात. एसटीच्या जुन्या लाल गाडीत इंजिन चालकाच्या डाव्या हाताला, पत्र्याच्या झाकणाखाली असे. त्या झाकणावर बसून सातारा-कोल्हापूर प्रवास केलेली माणसं अजून पुष्कळ आहेत. थंडीत ती जागा मानाची, मे महिन्यात शिक्षेची. व्होल्वोची बी७आर ही मागच्या इंजिनाची बस २००१ मध्ये भारतात आली आणि पुढे शिवनेरीच्या रूपाने मुंबई-पुणे रस्त्यावर रुळली. इंजिन शेवटच्या सीटच्या मागे गेल्याने पुढची निम्मी बस शांत झाली आणि पोटाखाली सामानाची प्रशस्त जागा निघाली. डिसेंबर २००६ मध्ये कात्रज-स्वारगेट-हडपसर असा बीआरटीचा प्रयोग सुरू झाला तेव्हा खाली बसक्या तळाच्या बसगाड्या हव्या होत्या. पुढे इंजिन ठेवून दरवाजापाशी तळ खाली आणता येत नाही, म्हणून तिथेही इंजिन मागे. बीआरटीचं पुढे काय झालं हा स्वतंत्र लेखाचा, कदाचित स्वतंत्र दिवाळी अंकाचा विषय आहे.

म्हणजे रिक्षा काय किंवा बस काय, इंजिन मागे गेलं ते माणसांना जागा व्हावी म्हणून. वळणावरची मजा हा हेतू कधीच नव्हता. पण मग स्पोर्ट्स कारमध्ये हीच मांडणी कशी काय शिरली? आणि शिरली तर टिकली कशी?

त्यासाठी आधी वळण म्हणजे काय ते पाहावं लागेल. शंभू महादेवाच्या यात्रेला सासवडहून कावडी निघतात आणि शिखर शिंगणापूरच्या मुंगी घाटातून वर चढवल्या जातात. कावड खांद्यावर घेऊन जागच्या जागी वळून पाहा. दोन टोकांना भार असल्यामुळे ती वळायला वेळ लावते, आणि एकदा वळायला लागली की थांबायला त्याहून जास्त वेळ लावते. तोच भार छातीशी कवटाळला तर माणूस चटकन गिरकी घेतो आणि चटकन थांबतो. मिड-इंजिन गाडी म्हणजे भार छातीशी धरलेला माणूस. इंजिन, गिअरबॉक्स, चालक, पेट्रोलची टाकी हे सगळं जड सामान मध्यबिंदूजवळ. रिअर-इंजिन गाडी म्हणजे कावडीच्या मागच्याच टोकाला घागर बांधलेली.

ही घागर सरळ रस्त्यावर फार कामाची आहे. वेग घेताना वजन मागे सरकतं, आणि मागच्या चाकांवर ते आधीच भरपूर असल्याने टायर रस्ता घट्ट पकडतात. ताकद वाया जात नाही. ब्रेक मारताना वजन पुढे झेपावतं, तरी मागे पुरेसं उरतं, त्यामुळे चारही चाकांचे ब्रेक आपापला वाटा उचलतात. घोळ होतो तो वळणाच्या मध्यावर. कात्रजच्या जुन्या घाटात समजा तुम्ही जरा जास्त वेगाने आत शिरलात, पुढे अचानक दुधाचा टेम्पो दिसला आणि घाबरून पाय उचललात. त्या क्षणी मागच्या चाकांवरचं वजन कमी होतं, पकड सुटते, आणि टोकाला बांधलेली घागर गाडीला बाहेर ओढते. तोंड डोंगराकडे, शेपूट दरीकडे. मागे इंजिन असलेल्या गाडीत वळणावर घाबरण्याची मुभा नाही, अशी तिची जुनी कीर्ती आहे ती यामुळे.

या कीर्तीने अमेरिकेत एका गाडीचा बळी घेतला. शेव्हरोलेची कॉर्व्हेर १९६० च्या मॉडेल वर्षात आली. मागे हवेने थंड होणारं सहा सिलिंडरचं इंजिन, आणि मागच्या चाकांचं सस्पेन्शन असं की वळणावर चाक आत दुमडू शके. कंपनीने तोडगा काढला तो हवेचा: पुढच्या टायरमध्ये १५ पौंड आणि मागच्यात २६ पौंड हवा भरा, म्हणजे पुढची पकड मुद्दाम कमी राहील आणि शेपूट ताब्यात राहील. कागदावर हे बरोबर आहे. पण पेट्रोल पंपावरचा पोरगा चारही चाकांत सारखी हवा भरतो, हे तिकडेही इकडच्यासारखंच. राल्फ नेडर यांच्या १९६५ मधल्या ‘अनसेफ अ‍ॅट एनी स्पीड’ या पुस्तकाचं पहिलं प्रकरण याच गाडीवर होतं. तोवर कंपनीने सस्पेन्शन बदललंही होतं. १९७२ मध्ये सरकारी तपासणीने ही गाडी तिच्या काळातल्या इतर गाड्यांपेक्षा जास्त धोकादायक नव्हती असा निर्वाळा दिला. तेव्हा तिचं उत्पादन बंद होऊन तीन वर्षं झाली होती.

पोर्शेने हाच प्रश्न हट्टाने सोडवत नेला. ९११ पहिल्यांदा दिसली ती १९६३ च्या फ्रँकफर्ट प्रदर्शनात. सुरुवातीच्या काही गाड्यांत शेपूट आवरावी म्हणून पुढच्या बंपरच्या दोन कोपऱ्यांत चक्क लोखंडी वजनं बसवली होती. हा जुगाड जर्मनीत झाला म्हणून त्याला इंजिनिअरिंग म्हणायचं, नाना पेठेत झाला असता तर आपण हसलो असतो. १९६९ च्या मॉडेलपासून मागची चाकं ५७ मिलिमीटर आणखी मागे नेली, म्हणजे इंजिन तुलनेने तेवढं आत आलं. पुढे मागचे टायर रुंद होत गेले, सस्पेन्शन बदललं, चार चाकांना ताकद देणारी आवृत्ती आली, इलेक्ट्रॉनिक पहारेकरी आले. आजही या गाडीचं साधारण साठ टक्के वजन मागच्या चाकांवर असतं. पण आजची ९११ घाबरलेल्या चालकाला माफ करते.

गमतीची गोष्ट अशी की, फर्डिनंड पोर्शे यांना मधल्या इंजिनाचं महत्त्व पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. १९३४ च्या ऑटो युनियनच्या शर्यतीच्या गाडीत त्यांनी सोळा सिलिंडरचं इंजिन चालकाच्या पाठीमागे, मागच्या चाकांच्या पुढे बसवलं. त्याच काळात त्यांनी आखलेल्या लोकांच्या गाडीत, म्हणजे पुढे जगभर गेलेल्या फोक्सवॅगन बीटलमध्ये, इंजिन मागच्या चाकांच्याही मागे टाकलं. एकाच माणसाने दिलेली ही दोन उत्तरं आहेत. शर्यतीत एकटा चालक बसतो, तेव्हा मधली जागा इंजिनाला द्यायला हरकत नाही. घरच्या गाडीत मधल्या जागेत पोरं बसायची असतात. ९११ ही त्या घरच्या गाडीची शर्यतीत गेलेली नात. तिच्या मागच्या दोन चिमुकल्या सीट कुणी गांभीर्याने घेत नाही, पण त्या तिथे आहेत म्हणून ती गाडी रोज ऑफिसला नेता येते आणि शाळेत पोरांना सोडता येते. साठ वर्षं ती टिकली त्यात या दोन सीटचा वाटा फार मोठा आहे.

शर्यतीच्या मैदानात मात्र मधल्या इंजिनाने वाद मिटवला. इंग्लंडच्या कूपर बापलेकांनी दुसऱ्या महायुद्धानंतर छोट्या शर्यतींसाठी मोटारसायकलचं इंजिन वापरलं. साखळीने मागची चाकं फिरवायची तर इंजिन चालकाच्या मागे ठेवणं सोपं, एवढाच विचार होता. १९५८ मध्ये स्टर्लिंग मॉसने अर्जेंटिनाची ग्रां प्री अशाच कूपर गाडीत जिंकली, आणि १९५९ व १९६० अशी सलग दोन वर्षं जॅक ब्रॅबॅम कूपर चालवून विश्वविजेता झाला. एन्झो फेरारी यांना घोडा गाडीच्या पुढेच जुंपलेला बरा वाटत होता. पण १९६१ मध्ये त्यांचीही शर्यतीची गाडी मागे घोडा जुंपून आली आणि विजेतेपद घेऊन गेली. खुद्द पोर्शेनेही शर्यतीत हट्ट सोडला. १९९८ ची ल मांची शर्यत जिंकणारी ९११ जीटी१ नावापुरती ९११, इंजिन तिचं मध्ये. २०१७ ची ९११ आरएसआर ही शर्यतीची गाडीही तशीच. म्हणजे ९११ चं नाव लावून पोर्शे जिंकायला निघते तेव्हा इंजिन दोन फूट पुढे सरकवायला तिला लाज वाटत नाही.

मग मिड-इंजिन सर्वच बाबतीत सरस का? चालवणाऱ्याच्या हाताला सरस, हे कबूल. स्टिअरिंग वळवलं की तोंड लगेच वळतं, मध्ये विचार करायला वेळ घेत नाही. पण ज्या चपळाईने ती वळते त्याच चपळाईने ती हातून सुटते. भार मध्यावर असल्यामुळे गिरकी सुरू झाली की सावरायला चालकाला फार थोडा वेळ मिळतो. मागच्या इंजिनाची गाडी आधी कुरकुरते, शेपूट जरा हलवून इशारा देते. मधल्या इंजिनाची गाडी हद्दीपर्यंत गोड वागते आणि हद्द ओलांडल्यावर पूर्वसूचना देत नाही. शिवाय तिला हद्दीपर्यंत न्यायचं तर रस्ता तसा हवा. स्वारगेट ते कात्रज या अंतरात खड्डे, गतिरोधक, उड्डाणपुलाचे सांधे आणि हातगाड्या धरून ती हद्द कुठे सापडणार? गाड्यांच्या वळणाबद्दल बोलताना हेही बोललं पाहिजे. मे २०२४ मध्ये कल्याणीनगरात एका पोर्शेने दोन तरुण इंजिनिअरांचा जीव घेतला. ती टायकन होती, इलेक्ट्रिक, तिच्यात इंजिनच नव्हतं. इंजिन कुठे आहे याचा त्या रात्रीशी काही संबंध नव्हता.

आता पुण्याकडे वळतो, कारण या विषयातलं सगळ्यात धाडसी काम पिंपरीत झालं आहे आणि त्याची चर्चा नेहमी चुकीच्या मुद्द्यावर होते. १० जानेवारी २००८ रोजी दिल्लीच्या वाहन प्रदर्शनात नॅनो पहिल्यांदा लोकांसमोर आली. गिरीश वाघ यांच्या नेतृत्वाखालच्या चमूने टाटा मोटर्सच्या पुण्यातल्या अभियांत्रिकी केंद्रात ती घडवली होती. एक लाखाची गाडी, सिंगूर, साणंद, पेटलेल्या काही गाड्या, ‘स्वस्त’ हा शिक्का: ही गोष्ट सगळ्यांना पाठ आहे. कमी लोकांच्या लक्षात राहिलं ते असं की, एकविसाव्या शतकात, जगातल्या बहुतेक छोट्या गाड्या पुढच्या इंजिनावर आणि पुढच्या चाकांवर स्थिरावल्यानंतर, पुण्यातल्या लोकांनी ६२४ सीसीचं दोन सिलिंडरचं इंजिन मागे टाकून मागची चाकं फिरवणारी गाडी नव्याने आखली. कारण तेच, बीटलचं आणि रिक्षाचं: जागा. ३.१ मीटर लांबीच्या गाडीत चार मोठी माणसं गुडघे न घासता बसवायची तर इंजिनाला पुढे जागा देणं परवडत नव्हतं.

आणि शेपटीची काळजी? नॅनोचे टायर पाहा. पुढे १३५ मिलिमीटर रुंद, मागे १५५. लाख-सव्वा लाखाच्या गाडीत दोन मापांचे टायर देणं म्हणजे खरेदी विभागाशी केवढं भांडण झालं असेल! पुढे अरुंद आणि मागे रुंद, म्हणजे वळणावर पुढची पकड आधी सुटेल आणि गाडी थोडी बाहेर सरळ जाईल, शेपूट फेकणार नाही. पोर्शे जे करते तेच, बारा इंची चाकांवर. वळणाची त्रिज्या चार मीटर, कारण पुढची चाकं रिक्षासारखीच मोकळी. या गाडीने भोरी आळीच्या तोंडाशी एका फटक्यात यू-टर्न घेतलेला पाहिला की मोठ्या गाडीतल्या माणसाच्या चेहऱ्यावर जी असूया उमटते ती अस्सल असते.

रूपाच्या बाबतीत नॅनोने इंजिनाची जागा लपवली नाही, हे मला तिच्यात आवडतं. पुढे आखूड, बसकं नाक. समोर जाळी जवळजवळ नाहीच, कारण तिथे थंड करायला काही नाही. मागच्या दारापलीकडे, चाकांच्या कमानीपाशी, हवा आत ओढणारे काळे झरोके. ते स्पोर्ट्स कारमध्ये असते तर मासिकांनी त्यांच्यावर पानभर लिहिलं असतं. पेट्रोल भरायला पुढचं झाकण उघडावं लागे, तिथेच जादा चाक. मागचं दार पहिल्या गाड्यांना उघडतच नसे. सामान ठेवायला मागची सीट पाडायची, इंजिन पाहायला आतून झाकण काढायचं. मेकॅनिक लोकांना हा प्रकार कधीच रुचला नाही. बॉनेट उघडून वाकायची सवय असलेल्या माणसाला मागच्या सीटवर गुडघे टेकून स्पॅनर चालवायला सांगितलं तर तो दुसरं काय म्हणणार? २०१५ च्या आवृत्तीत मागचं दार उघडायला लागलं. २०१८ मध्ये गाडीच बंद झाली.

नॅनो महाराष्ट्रातला पहिला प्रयत्न नव्हे. इचलकरंजीच्या शंकरराव कुलकर्णी यांनी १९४९ पासून ‘मीरा’ नावाची छोटी गाडी स्वतःच्या हिमतीवर पुन्हा पुन्हा घडवली. तिचंही इंजिन मागे, कारण प्रश्नही तोच होता: छोटी गाडी, मोठं कुटुंब. परवान्यांच्या राज्यात ती कारखान्यापर्यंत पोहोचली नाही. बजाजची क्यूट, २१६ सीसीची, तिचंही इंजिन मागे. तिला गाडी म्हणायचं की नाही यावरच इतकी वर्षं गेली की लोकांचा उत्साह संपला.

इतकी मागची इंजिनं घडवणाऱ्या पुण्याने मधलं इंजिन एकदा घडवून पाहिलं. ७ मार्च २०१७, जिनिव्हाचं प्रदर्शन. टाटा मोटर्सने ‘टॅमो’ या नव्या नावाखाली ‘रेसमो’ ही दोन सीटची गाडी दाखवली. इंजिन नेक्सॉनमधल्या १.२ लिटर टर्बोचंच, पण ताकद वाढवून १९० पीएस केलेलं आणि सीटच्या मागे बसवलेलं. शंभरचा वेग सहा सेकंदांच्या आत, असा दावा. दारं फुलपाखराच्या पंखांसारखी वर उघडणारी. रूप टाटाच्या तुरीनमधल्या स्टुडिओने घडवलं होतं, आणि सांगाड्याच्या ‘मोफ्लेक्स’ रचनेशी नाव जोडलेलं होतं ते मार्चेल्लो गांदिनी यांचं. हे गांदिनी म्हणजे १९६६ मध्ये याच जिनिव्हात दाखवलेल्या लॅम्बॉर्गिनी म्यूराचे रचनाकार. रस्त्यावरच्या महागड्या गाड्यांत मधल्या इंजिनाची फॅशन म्यूरापासून सुरू झाली. तेव्हा गांदिनी तिशीच्याही आत होते.

रेसमोकडे बाजूने पाहिलं की मिड-इंजिनचं व्याकरण कळतं. चालक इतका पुढे की पाय जवळजवळ पुढच्या चाकांच्या मध्ये. काच नाकापासूनच चढायला लागते. दारामागे हवा गिळणारी मोठी खाच, आणि मागे लांब, उंच पाठ. सगळी गाडी पुढे झेपावल्यासारखी दिसते, उभी असतानाही. ९११ बरोबर उलट: छप्पर चालकाच्या डोक्यावरून एकाच रेषेत मागच्या बंपरपर्यंत ओघळतं आणि वजन मागच्या मांड्यांवर टेकून बसतं. पहिल्या प्रकारात कलाकाराला मोकळीक जास्त, म्हणून त्या गाड्या दर दहा वर्षांनी जुन्या दिसायला लागतात. दुसऱ्या प्रकारात इंजिन आणि सीट दोघांनी मिळून आकार आधीच ठरवलेला. तो बिघडवायला फार कष्ट पडतात. मला ९११ जास्त देखणी वाटते. फेरारीवाल्यांनी खुशाल हसावं.

रेसमो बाजारात आलीच नाही. खर्चाचा मेळ बसत नाही म्हणून कंपनीने काही महिन्यांतच ती गुंडाळली. फोर्झा होरायझन ३ या संगणकीय खेळात ती चालवता येईल एवढी व्यवस्था मात्र झाली. मुंबईच्या दिलीप छाब्रिया यांच्या ‘अवंती’ने, २०१२ मध्ये दाखवलेल्या आणि मध्येच दोन लिटर टर्बो इंजिन बसवलेल्या गाडीने, रस्ता गाठला खरा. पण तिच्याबद्दल बोललं गेलं ते रूपाबद्दल. वळणाबद्दल कौतुकाने बोलणारे थोडेच भेटले. मधल्या इंजिनाची गाडी सुंदर दिसणं सोपं, तशी वागणं महाग.

आणि तरीही पुण्यात मधल्या इंजिनाच्या गाड्या दरवर्षी बनतात. अभियांत्रिकी महाविद्यालयांच्या मागच्या शेडमध्ये, परीक्षेच्या आदल्या रात्रीपर्यंत, पोरंपोरी पाइप जोडून एकाच सीटची गाडी उभी करतात. मोटारसायकलचं इंजिन चालकाच्या पाठीमागे, साखळीने फिरणारी मागची चाकं. कूपरनी ज्या कारणाने हे केलं त्याच कारणाने. मग ती गाडी ट्रकमध्ये घालून इंदूरजवळ पीथमपूरला किंवा कोइमतूरच्या करी मोटर स्पीडवेवर न्यायची, तिथे तपासणीत एखादा बोल्ट कमी निघायचा, आणि रात्रभर वेल्डिंग. त्यातली काही पोरं पुढे पिंपरी-चाकणच्या कंपन्यांत लागतात आणि पुढे-इंजिन, पुढची-चाकं अशा शहाण्या गाड्यांचे दरवाजे आणि बिजागऱ्या आखतात.

काटेकोर बोलायचं तर मार्केट यार्डातून फ्लॉवरची पोती घेऊन निघणारा टाटा एस, आपला छोटा हत्ती, त्याचंही इंजिन चालकाच्या सीटखालीच. २००५ चा हा पुण्याचाच गडी. स्वारगेटला मधल्या इंजिनाच्या सगळ्यात जवळ जाणारं हेच वाहन भेटेल. त्याला वळणावर कसं वाटतं हे पोत्यांना विचारावं.

बॅटरीच्या गाड्यांनी हा सगळा हिशेब पुन्हा मांडायला घेतला आहे. बॅटरी जड आणि ती तळाशी पसरते, म्हणजे भार आपोआप मध्यावर आणि खाली. मोटर इतकी छोटी की ती मागच्या आसाशी बसली तरी सीटची जागा खात नाही. जागा द्यायची की वळण घ्यायचं हा नव्वद वर्षांचा तंटा निम्मा तिथेच मिटतो. पोर्शेने २०२१ च्या ‘मिशन आर’ या शर्यतीच्या नमुन्यात मात्र बॅटरी मुद्दाम चालकाच्या पाठीमागे, जुन्या इंजिनाच्या जागी रचली, म्हणजे चालकाला खाली बसता येईल आणि गाडी मिड-इंजिनसारखीच वळेल. रिक्षावाल्यांपुढे असे प्रश्न नाहीत. नव्या इलेक्ट्रिक रिक्षांची मोटर मागच्याच चाकांपाशी असते. चालकांची चौकशी असते ती चार्जिंग कुठे मिळेल आणि बॅटरी किती वर्षं टिकेल, याची. हँडल मात्र चढावर अजून हलकं पडतं, आणि वळणाआधीचा तो हलकासा ब्रेक अजून मारावा लागतो.